देवीच्या नावाची शेळी

आमच्या बचत गटाच्या बैठकीला एकदा तालुक्याहून एक मॅडम आल्या होत्या. पांढरी गाडी, गळ्यात ओळखपत्र, हातात थंड पाण्याची बाटली. समाजमंदिराच्या फरशीवर आम्ही सगळ्या मांडी घालून बसलो आणि त्यांनी आम्हाला सांगितलं की अडीअडचणीसाठी प्रत्येक घरात सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवलेला असावा. आम्ही माना डोलावल्या. किती चांगली गोष्ट! इतकी वर्षं आमच्या कुणाच्याच डोक्यात कशी आली नाही, याचंच मला नवल वाटलं. मग त्यांनी पैसे वाचवायचे उपाय सांगितले. बाहेरचं खाणं कमी करा, गरज नसताना ऑनलाइन कपडे मागवू नका, हॉटेलातली कॉफी आठवड्यातून एकदाच प्या. मी त्या दिवसापासून हॉटेलातली कॉफी बंद केली. आधीही पीत नव्हते, पण आता ठरवून पीत नाही.

मी शाळेत पोरांची खिचडी शिजवते. त्याचं मला मानधन मिळतं. पगार म्हणत नाहीत त्याला, कारण पगार म्हटलं की माणूस महिन्याच्या महिन्याला वाट बघायला लागतो. नवरा परळीला विटांच्या कारखान्यावर. तिथल्या थर्मल वीजकेंद्राच्या राखेच्या विटा पाडतात, त्या हा ट्रॅक्टरमध्ये चढवतो आणि उतरवतो. संध्याकाळी घरी येतो तेव्हा भुवयांपर्यंत राखाडी झालेला असतो, आणि आधी अंघोळ का करत नाही म्हणून विचारलं की माझ्यावरच खेकसतो. घरात आम्ही दोघं, एक पोरगी आणि सासू. सासूला मी आत्याबाई म्हणते.

तर मॅडम गेल्या आणि मी खरंच मनावर घेतलं. हसू नका. तुरीच्या डाळीच्या डब्यात, डाळीच्या खाली, मी प्लास्टिकच्या पिशवीत पैसे ठेवायला लागले. मला वाटलं होतं, गरिबाला पैसे वाचवता येत नाहीत कारण त्याच्याकडे पैसे नसतात. ते खोटं आहे. पैसे वाचतात. थोडे वाचतात, पण वाचतात. फक्त ते वाचलेत हे घराला कळतं, आणि घराला कळलं की अडचण चपला काढून आत येते.

पहिली अडचण नवऱ्याची. आमच्या भागातल्या एका भाऊंचा वाढदिवस होता. त्यांच्या शुभेच्छांचं भलंमोठं बॅनर फाट्यावर लागणार होतं आणि ज्यानं वर्गणी दिली त्याचा फोटो खाली येणार होता. “आगं, सगळ्यांचे फोटो हायती. माझाच नसला तर लोक काय म्हनतील?” म्हणाला. मी म्हटलं, लोकांना तुम्ही आहात हेच माहीत नाही तर ते काय म्हणतील? पण वर्गणी गेली. मी मुद्दाम फाट्यावर जाऊन बघितलं. शुभेच्छुकांच्या रांगेत, अगदी कोपऱ्यात, ज्वारीच्या दाण्याएवढा माझा नवरा, तोही कुणाच्या तरी जोडलेल्या हातांनी अर्धा झाकलेला. आठवड्याभरात वारं आलं, बॅनर फाटलं आणि शेजारणीनं ते सरपणावर झाकायला नेलं. म्हणजे अगदीच वाया गेलं असं म्हणता येणार नाही.

दुसरी अडचण पंचांगातूनच आली. अधिक महिना लागला. आमच्याकडे या महिन्यात जावयाला धोंडे खायला बोलावतात. पुरण भरलेले ते धोंडे खाऊन जावई निघून गेला असता तर माझी काही तक्रार नव्हती. पण त्याला कपडे करायचे, लेकीला साडी करायची आणि वर चांदीचं काहीतरी द्यायचं. जावई म्हणजे माझ्या नणंदेचा नवरा. त्याचं परळीत मोबाईलचं दुकान आहे आणि आमच्यापेक्षा त्याचं कितीतरी बरं चाललंय, पण जावयाची ऐपत बघून धोंडे करायचे नसतात असं आत्याबाईंनी मला ठणकावून सांगितलं. डाळीचा डबा रिकामा झाला. चांदीचा दिवा हातात घेऊन जावई म्हणाला, “कावून येवढा खर्च केला उगं?” आणि बोलता बोलता दिवा उलटा करून बुडाचा शिक्का बघून घेतला.

तेव्हा माझी खात्री पटली की रोख पैसा आमच्या घरात जगत नाही. मग पुढच्या मानधनातून मी शेळीचं करडू घेतलं. मादी घेतली, कारण बोकड घेतला असता तर तो दाढी फुटायच्या आत कुणाच्या तरी ताटात गेला असता. काळी, कपाळावर पांढरा ठिपका, आणि आवाज असा की गावच्या भोंग्यानं लाजावं. तिला मी शाळेतून उरलेल्या भाज्यांचे देठ आणून घालायचे. ती वाढली आणि माझा जीव सुपाएवढा झाला. ही माझी बँक. हिच्यातून कुणाला हळूच दोन नोटा काढता येणार नाहीत. काढायची तर अख्खी शेळीच न्यावी लागेल.

ते कुणाच्या लक्षात येणार नाही असं मला वाटलं होतं. शेळी भरली तशी लगेच सगळ्यांच्या डोळ्यावर आली. नवऱ्याला जुनी मोटारसायकल घ्यायची होती आणि शेळी विकून पहिला हप्ता निघत होता. जावयाचं म्हणणं, आमची पोरं पिशवीचं दूध पितात, शेळीचं दूध लई पौष्टिक, मामीकडं चार दिवस हाय तर आमच्याकडं चार महिने राहील. आणि भाऊंच्या मागे फिरणाऱ्या पोरांपैकी एक जण येऊन सरळ म्हणाला, “वैनी, आखाडात पार्टी हाय, पैसे मागाहून देतो.” मागाहून! भाऊंच्या पोरांचं ते मागाहून अजून या जिल्ह्यात कुणी बघितलेलं नाही.

त्या रात्री मी गप झोपले आणि सकाळी उठून चूल पेटवता पेटवता सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “माळावरची देवी सपनात आली होती. म्हणाली, ती काळी शेळी माझी हाय. तिला विकायची न्हाई, कापायची न्हाई, कुणाला द्यायची न्हाई.”

बस्स. एवढंच बोलले. नवऱ्याच्या हातातला चहा तिथंच थांबला. आत्याबाईंनी माझ्याकडे बराच वेळ बघितलं आणि मग उठल्या, देव्हाऱ्यातलं कुंकू आणलं आणि शेळीच्या पांढऱ्या ठिपक्यावर टेकवलं.

काय सांगू, काय कुलूप होतं ते! नवऱ्यानं मोटारसायकलचं नाव टाकलं आणि कामावर निघताना शेळीला हात जोडायला लागला. लग्नाला इतकी वर्षं झाली, मला कधी जोडले नाहीत. जावयानं फोनवर दोन्ही कान धरले असं नणंद म्हणाली. भाऊंची पोरं तर घरासमोरून जाताना मोटारसायकलचा आवाजही कमी करायची. शेळी कुणाच्याही बांधावर चरू दे, कुणी हाकलत नव्हतं. उलट बायका कडब्याची पेंढी आणून द्यायच्या आणि तिच्या पायाला हात लावून जायच्या. एकीनं पोराच्या दहावीसाठी नवस बोलला आणि पोरगा पास झाला. त्यानंतर तर विचारूच नका. शेळी दोनदा व्याली, दोन्ही वेळा पाट झाली म्हणजे मादीच झाली, आणि त्या दोघी आपोआपच देवीच्या धरल्या गेल्या. माझी बँक चारा-पाणी न मागता वाढत होती. मला मॅडमना बोलावून दाखवावंसं वाटायचं, की हे बघा, हे असं करतात.

आत्याबाई मात्र या शेळ्यांच्या बाबतीत फार कडक झाल्या होत्या. मंगळवारी त्यांना अंघोळ घालायच्या. दुधाची धार काढली की पहिला थेंब देवीचा. एकदा मी रागाच्या भरात थोरल्या शेळीला शेणाची पाटी फेकून मारली तर माझ्याशी दिवसभर बोलल्या नाहीत. मला मनातल्या मनात हसू यायचं. म्हटलं, भोळ्या आहेत बिचाऱ्या. बरंच आहे, राखणीला माणूस फुकट मिळालं.

घरामागे आम्ही कारखान्यातल्या फुटक्या विटांचा ढीग रचून ठेवला होता, कधीतरी न्हाणीघर बांधायचं म्हणून. पावसाळ्यात एका सकाळी पोरगी तिथं चेंडू काढायला गेली आणि तिला घोट्याच्या वर फुरसं चावलं. ती ओरडत आली तेव्हा मी शाळेला निघत होते. दहा वर्षांची पोर. पाय बघता बघता उशीएवढा झाला. जीपवाल्यानं आधी भाडं सांगितलं आणि मग गाडी चालू केली. घरात होतं नव्हतं ते सगळं त्याच्या हातावर ठेवून आम्ही अंबाजोगाईला सरकारी दवाखान्यात पोचलो.

त्यांनी पोरीला वाचवलं. हे मी कुणासमोरही सांगेन. इंजेक्शनं दिली, रात्रंदिवस लक्ष ठेवलं आणि एक रुपया मागितला नाही. पण पायाची जखम चिघळत गेली. तिथलं मांस काळं पडलं. डॉक्टर म्हणाले, “रोज साफ करावं लागेल. जखम चांगली लाल झाली की मांडीची कातडी काढून तिथं बसवू. तोवर हलवायचं नाही. मध्येच घरी नेलंत तर पायाची खात्री मी देत नाही.”

फुकटच्या दवाखान्यात राहायला किती पैसे लागतात, हे राहिल्याशिवाय कळत नाही. नवऱ्याचा रोज बंद, कारण पोरीला उचलून न्यायला-आणायला दुसरं कुणी नव्हतं. माझ्या जागेवर शाळेनं दुसरी बाई लावली. पोरांना खिचडी तर मिळालीच पाहिजे, त्यात त्यांची चूक नाही. दोन वेळचं बाहेरचं जेवण, पोरीला अंडी आणि दूध, येणाऱ्या-जाणाऱ्यांचं बसभाडं. भेटायला मात्र सगळे आले. जावई बिस्किटाचा पुडा घेऊन आला आणि “काही लागलं तर संकोच करू नका” म्हणाला. मी संकोच केला नाही. तिथल्या तिथंच सांगितलं काय लागतंय ते. नेमका तेव्हाच त्याला दुकानातून फोन आला. भाऊंची पोरंही आली, पोरीच्या उशाशी उभं राहून फोटो काढला आणि स्टेटसला टाकला. त्या फोटोत केळी होती. फोटो झाल्यावर एक डझनातली अर्धी त्यांनी शेजारच्या खाटेवर नेली, कारण तिथंही फोटो काढायचा होता.

मग एक दिवस नवरा माझ्याकडे न बघता म्हणाला, “घरी नेऊ. गावातल्या डॉक्टरकडून पट्ट्या करू.”

“आणि पाय?”

“मग काय करू? मला सांग ना काय करू! उद्याच्याला खायला न्हाई आपल्याला हितं.” त्याचा आवाज फुटला. तो तोंड फिरवून जिन्याकडे गेला. इतकी वर्षं मी त्या माणसाला येता-जाता बोलत आले, त्या वेळी मात्र त्याच्यामागे जिन्यापर्यंत गेले.

मी त्याला दोन दिवस थांबायला सांगितलं आणि बस पकडून गावी आले. माझ्याकडे तर मॅडमनी सांगितलेला तो अडीअडचणीचा निधी होता! दोन-चार नाही, चांगला बारा पायांवर उभा होता. घरी जाण्याआधीच मी आमच्या गावातल्या शेळ्यांच्या व्यापाऱ्याकडे गेले. त्यानं माझं सगळं ऐकून घेतलं, पोरीची चौकशी केली, पाणी दिलं आणि म्हणाला, “वैनी, दुसरं कायबी सांगा. देवीचं जनावर मी न्हाई नेणार. मला बी लेकरं हायती.” दुसऱ्याकडे गेले. त्यानं तर पाणीही दिलं नाही, नुसत्याच कानाच्या पाळ्या धरल्या. मी इतकं पक्कं कुलूप लावलं होतं की किल्ली माझ्याकडेही नव्हती. वा गं वा, शहाणे!

घरी आले तर आत्याबाई दारातच बसल्या होत्या. पोरीचं विचारलं. मी सगळं सांगितलं, डॉक्टरांचं आणि त्यांच्या लेकाचंही. मग म्हटलं आता लपवून काय उपयोग, आणि एका दमात बोलून टाकलं, “आत्याबाई, देवी माझ्या सपनात आलीच न्हवती. शेळ्या कुणी नेऊ नयेत म्हणून मी खोटं बोलले. त्या देवीच्या न्हाईतच. आपल्याच हायती. आपण त्या विकू.”

मला वाटलं, आता त्या कपाळ बडवून घेतील.

“मला ठावं हाय,” म्हणाल्या. “तुला सपान पडलं की तू झोपेत बडबडतीस. त्या राती तुझा आवाज न्हाई आला मला. सकाळी तू बोललीस तवाच वळखलं.”

“मग बोलला का न्हाई?”

“कशापायी बोलू? शेळी राहिली तर पोरीच्याच कामी येईल, येवढं मला बी कळतं. पर तू देवीच्या नावानं खोटं बोललीस, पोरी. ते तुला बाधलं असतं. लेकराला बाधलं असतं. म्हनून त्या मंगळवारी मी माळावर गेलते. नारळ फोडला, वटी भरली, अन् देवीला म्हनलं, आजपासून ती शेळी खरंच तुझी. तिची पिल्लं बी तुझी. सुनंचं बोलनं खरं करून घे.”

म्हणजे मी कडी लावल्याचं सोंग केलं होतं, आणि या बाईनं माझ्यामागे जाऊन ती खरोखर लावून ठेवली होती. मला तिचा इतका राग आला! आणि रडूही आलं. कुणी सांगितलं होतं तुम्हाला, असं मी ओरडले सुद्धा. आम्ही दोघी अंगणात बसून होतो आणि त्या तिघी दावणीला कडबा खात होत्या, निवांत. त्यांना काय, त्या देवीच्या.

दुसऱ्या दिवशी परळीचा बाजार होता. मी उठून बाहेर आले तेव्हा आत्याबाई शेळ्यांजवळ बसलेल्या दिसल्या. लुगड्याचा पदर पाण्यात भिजवून त्या थोरलीचं कपाळ घासत होत्या. मुरलेलं कुंकू लवकर निघत नव्हतं. मग गळ्यातला हिरवा दोरा सोडला, पितळी घुंगरू काढलं आणि ते पदराच्या टोकाला बांधलं. मला म्हणाल्या, “चल. टेंपोवाला थांबणार न्हाई.”

“आत्याबाई, तुम्ही नका येऊ. मी नेते.”

“तुझ्याकडून कुनी घेणार न्हाई. तुझ्या तोंडावर दिसतं.”

बाजारात परळीबाहेरचा एक व्यापारी होता. त्याला शेळ्या पसंत पडल्या. दात बघितले, पाठीवर हात फिरवला. सौदा जवळजवळ ठरला आणि तेवढ्यात आमच्याच गावचा एक जण पलीकडून हसत ओरडला, “अय बे, बघून घे, देवाचा माल हाय त्यो!” व्यापाऱ्यानं हात मागे घेतला. थोरलीच्या कपाळाकडे वाकून बघितलं. पांढऱ्या ठिपक्यावर अजून थोडा गुलाबी डाग होता. तो आत्याबाईंना म्हणाला, “मावशी, खरं सांगा. देवाचं हाय का?”

मी आत्याबाईंना आयुष्यात खोटं बोलताना ऐकलं नव्हतं. दुकानदारानं चुकून जास्त सुट्टे दिले तर परत करायला उन्हात मैलभर चालणारी बाई ती. जावयाच्या धोंड्यापायी माझा डबा रिकामा केला, तोही रीत खोटी पडू नये म्हणून. त्यांनी त्या माणसाच्या डोळ्यात बघितलं.

“न्हाई,” म्हणाल्या. “कुनी सांगितलं? माझ्या घरच्या हायती. घ्यायच्या तर घे, न्हाईतर सोड.”

त्यानं घेतल्या. नोटा त्यांनी मोजल्या नाहीत. तशाच माझ्या हातात कोंबल्या आणि “अंबाजोगाईची गाडी धर” म्हणाल्या. शेळ्या टेंपोत चढवताना थोरली ओरडत होती. आत्याबाईंनी तिकडं वळून बघितलं नाही. माझ्याकडेही नाही.

आम्ही दवाखान्यातच राहिलो. जखम लाल झाली, मांडीची कातडी बसली, धरली. पोरगी आता पळते. घोट्यावर चकाकणारा एक पट्टा आहे, तो ती मैत्रिणींना पैसे मोजून घेतलेल्या दागिन्यासारखा तोऱ्यानं दाखवते. नवरा कामावर जातो, भुवयांपर्यंत राखाडी होऊन येतो, मी खेकसते. शाळेनं मला परत घेतलं. डबा आहे, डाळ आहे आणि डाळीखाली काय आहे ते मी आता कुणालाच सांगणार नाही.

नवरात्रात आम्ही सगळे माळावर गेलो. पोरगी आणि तिचा बाप पुढे पळाले. मी ओटीचं ताट घेऊन पायऱ्या चढले आणि मागे बघितलं तर आत्याबाई खालीच थांबलेल्या. तिथूनच त्यांनी हात जोडले होते. दर मंगळवारी या देवळात येणारी बाई. बाजाराच्या दिवसापासून ती एकदाही आत गेलेली नव्हती, हे मला तेव्हा कळलं. बायका ढकलत होत्या, मागून रांग येत होती. मी खाली उतरले आणि त्यांचा हात धरला.

“चला आत्याबाई. खोटं तर मी बोलले होते. मी जातीय ना आत?”

त्यांनी हळूच हात सोडवून घेतला.

“तू जा की,” म्हणाल्या. “तू नुसतं खोटं बोललीवतीस. शब्द मी दिलता.”